ड्रमरो टेरेसची तेरा गप्प मतं

डिंफना मॅकअटीर ड्रमरो टेरेस या गल्लीत सात नंबरला राहते, मी शेजारी नऊ नंबरला; विषम आकडे सगळे आमच्याच बाजूला. मधली भिंत इतकी पातळ आहे की सकाळी तिच्या किटलीची शिटी वाजली की मला तिसरी घंटा झाल्यासारखं वाटतं आणि मी उठून बसतो.

एकतीस वर्षं तिने शाळेत मुलांना जेवण वाढलं. शाळेमागच्या पत्र्याच्या वर्गात एके वर्षी आयरिशमधून शिकणारी लहान मुलं आली. पहिल्याच दिवशी एका चिमुरडीने पेला पुढे धरून काहीतरी मागितलं. डिंफनाने पाणी दिलं, मग रस दिला. पोर रडायला लागली. तिला दूध हवं होतं. "आजोबांच्या तोंडची भाषा, आणि मला त्यातलं दूधसुद्धा कळू नये," हे ती अजून सांगते, आणि सांगताना तिचे गाल लाल होतात. त्या हिवाळ्यात, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ती आयरिशच्या वर्गाला जाऊ लागली. आता ती बहात्तरची आहे आणि मांजराला रागावते तेही आयरिशमध्ये.

गेल्या वर्षी तिने मनावर घेतलं, गल्लीच्या पाटीवर इंग्रजीशेजारी आयरिश नाव यावं. ड्रमरो म्हणजे तरी काय? तांबूस टेकाड. नाव मुळातलं आयरिशच, कुणा कारकुनाने ऐकलं तसं इंग्रजीत उतरवलेलं. नगर परिषदेचा नियम असा होता: प्रत्येक मतदाराला एक कागद येणार, त्यावर 'हो' किंवा 'नाही' अशी खूण करून तो परत पाठवायचा. गल्लीत मतदार बेचाळीस, त्यांपैकी अठ्ठावीस 'हो' हवेत. आणि जो कागद परत येणार नाही, तो 'नाही' धरला जाणार.

हे शेवटचं कलम ज्याने लिहिलं, त्याला आमची माणसं पुरती ठाऊक असणार. आमच्याकडे निम्मी घरं कॅथलिक, निम्मी प्रोटेस्टंट. या दोघांतल्या दंग्यांच्या वाईट काळात आसपास बस जळल्या, पण या गल्लीत काचही फुटली नाही, कारण कुणी कधी काही बोललंच नाही. बोलायचं ते हवेबद्दल आणि गुडघ्यांबद्दल. मीही तसाच. एका आठवड्यात कॅथलिक पाद्रीबाबांच्या सभागृहात नाटक केलं, तर दुसऱ्या आठवड्यात प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज लॉजच्या. दोन्हीकडे टाळ्या घेतल्या आणि दोन्हीकडे तोंड मिटून चहा प्यायलो.

डिंफना घरोघर फिरली. हातात सोडा घालून भाजलेला पाव, फडक्यात गुंडाळलेला. चौदा नंबरचा वेस्ली हॅना, निवृत्त बसचालक, प्रोटेस्टंटांच्या जुलैच्या मिरवणुकीत ढोल वाजवणारा, दारातच म्हणाला, "मी 'नाही' करणार, डिंफना. तोंडावर सांगतो."

"का रे?"

"ती तुमच्या कॅथलिक लोकांची भाषा. आज पाटी, उद्या झेंडा."

"ड्रमरो म्हणतोस तेव्हा आयरिशच बोलतोस की तू."

"मग झालं की तुझं काम. आणखी पाटी कशाला?"

ती हसली आणि पाव देऊन आली.

निकालाच्या दिवशी मी तिच्यासोबत परिषदेच्या गॅलरीत बसलो होतो. 'हो' पंचवीस, 'नाही' चार, न आलेले तेरा. एक नगरसेवक उठला. खुद्द त्या गल्लीलाच ही भाषा नको आहे, सतरा जण विरोधात आहेत, असं म्हणाला. मग घसा खाकरून कफ काढल्यासारखा आवाज केला आणि म्हणाला, त्यांच्या भाषेत हे आभार समजावेत. त्याच्या बाकांवर हशा पिकला. मी जन्मभर नाटकांत विनोदी कामं केली. हशा कसा कमवावा लागतो हे मला ठाऊक आहे. हा फुकटचा होता. आमच्या नाटक कंपनीच्या मॅनेजरने असल्या नटाला दुसऱ्याच दिवशी घरचा रस्ता दाखवला असता.

डिंफना उभी राहिली. "विरोधात चार आहेत. तेरा जण गप्प आहेत."

प्रेक्षकांनी बोलायचं नाही, असं अध्यक्षांनी सांगितलं. मग तिने तेच आयरिशमध्ये म्हटलं. सर्वांना समजेल अशा भाषेत बोला, असं अध्यक्ष म्हणाले.

"आधी त्याच भाषेत बोलले होते," ती म्हणाली. "तेव्हा कुणाला समजलं?"

शिपायाने आम्हाला बाहेर काढलं, अगदी अदबीने.

पुढचा आठवडाभर ती पुन्हा दारोदार फिरली, गप्प कोण राहिलं ते विचारत. मग माझ्या स्वयंपाकघरात यादी घेऊन बसली. दोघे वारलेले, पण मतदारयादीत नावं तशीच राहिलेले. एक दूरदेशी, पर्थला गेलेला. कोपऱ्यावरचे तीन भाडेकरू, जे टपाल उघडतच नाहीत. सहा जणांना कटकट नको होती. तिने पुन्हा मोजलं. "बाराच होतात, लेस्ली. तेरावा कोण?"

मी किटली खाली ठेवली. "मी."

'हो'वर खूण करून ठेवली होती. लिफाफा दारापाशी आठ दिवस उभा होता. रोज म्हणायचो, उद्या टाकू. कुणाची भीती होती, ते आजही नेमकं सांगता येणार नाही.

"तुमच्या दारी मी आलेच नाही," ती सावकाश म्हणाली. "तुमचं 'हो' धरूनच चालले होते."

"एका मताने काही झालं नसतं, डिंफना."

"बाकीचे सहाही हेच म्हणाले."

नवा अर्ज आता पाच वर्षांनीच करता येणार होता. तिने माझं नाव तेराव्या ओळीत लिहिलं आणि चहा न घेता उठली. दाराशी थांबून म्हणाली, "वेस्लीने निदान उत्तर दिलं."

दुसऱ्या दिवशी मी तो लिफाफा टपालपेटीत टाकला. आठवड्याने परत आला, वर शिक्का: मुदत संपली. तो घेऊन मी सात नंबरचं दार वाजवलं. तिने चष्मा लावून कागद उघडला.

"खूण मात्र छान ठळक केली आहे, लेस्ली," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.