तळाची फळी

सुताराकडे लोखंडाचा एक गुण्या असतो. दोन फळ्या काटकोनात बसल्या की नाही, हे तो लावून बघतात. तो कुणाच्या भिडेखातर वाकत नाही. शवपेट्या करणाऱ्या त्या सुतारालाही सगळे गुण्याच म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवायचं. शुभवर्तमानात प्रभूने जे सांगितलं ते जसंच्या तसं करायचं, असा त्याचा बाणा. होय म्हणजे होय, नाही म्हणजे नाही. एकदा शेजारणीने मोठ्या हौसेने विचारलं, नवा पडदा कसा दिसतो? याने मान तिरकी करून पाहिलं आणि डाव्या बाजूला दोन बोटं तोकडा आहे म्हणून सांगितलं. त्या घरचा चहा तेव्हापासून बंद. बायको म्हणाली, "खोटं बोलू नये हे खरं, पण दर वेळी तोंड उघडलंच पाहिजे असं कुठं लिहिलंय?" हा प्रश्न त्याने हसण्यावारी नेला. न्यायला नको होता.

चर्चच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती, तिथे तो आणि त्याचा थोरला भाऊ काम करायचे. दोन बाकं समोरासमोर, मध्ये भुशाचा ढीग. तळ आणि बाजू थोरल्याच्या, झाकण आणि कड्या धाकट्याच्या, अशी वाटणी वडिलांनीच घालून दिलेली. पेटी तयार झाली की थोरला चपला काढून आत उभा राहायचा आणि तळावर एकदा जोरात पाय आपटायचा. आवाज भरीव आला तर मान डोलवायची. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या छातीत धस्स व्हायचं, एका गिऱ्हाइकाने तर विचारलं होतं, "तुम्हीच जाताय का?" थोरला शांतपणे म्हणाला, "आज नाही. आज माप दुसऱ्याचं आहे."

मग शाळेतल्या मोठ्या बाई वारल्या. अंगाने भरलेल्या, दोन पिढ्यांचे कान पिळलेल्या. त्या आठवड्यात थोरल्याची बायको दवाखान्यात होती. तिची अवस्था इतकी वाईट, की थोरला रात्र तिथल्या बाकड्यावर काढून सकाळी लाल डोळ्यांनी कामावर यायचा. नवं लाकूड आणायला त्याला जमलं नाही. कोपऱ्यातली एक जुनी फळी त्याने तळाला घेतली. तिला भुंग्याने पोखरलं होतं. भोकांत भुसा आणि सरस भरून त्याने वरून रंगाचा हात फिरवला. समोरच्या बाकावरून गुण्याने हे सगळं पाहिलं. थोरल्याने त्या दिवशी पेटीत उभं राहून पाय आपटला नाही, हेही पाहिलं. बोलला मात्र नाही. दमलेल्या माणसाला काय बोलायचं, असं त्याला वाटलं. दयेपोटी वाटलं की संकोचापोटी, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर तळ कडकडला. खांदेकऱ्यांपैकी एकाने खाली हात घातला म्हणून निभावलं, तरी बाईंच्या पांढऱ्या कपड्याची कड सगळ्यांना दिसली. बाईंची लेक मटकन खाली बसली. पाळकांनी विचारलं, असं कसं झालं? थोरला म्हणाला, ओल लागली असेल. आणि सगळी मंडळी उभी असताना गुण्या म्हणाला, "ओल नाही. फळी पोखरलेली होती. दादाला माहीत होतं."

एवढंच. पण त्या दिवसापासून थोरल्याच्या हातची पेटी कुणी घेईना. त्याने आपले रंधे पोत्यात भरले आणि गावाबाहेरच्या खिडक्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. तळ आणि बाजूंना गुण्याने रोजंदारीचा सुतार ठेवला. वहिनी बरी होऊन घरी आली, ती धाकट्या दिराचं नाव टाकूनच.

आता प्रभूची शिकवण अशी, की वेदीपाशी गेल्यावर भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेवावं, आधी जाऊन समेट करावा, मग परत यावं. गुण्याने ते शब्दशः धरलं. दर रविवारी प्रभुभोजनाची वेळ झाली की तो उठायचा, सात मिनिटं चालत थोरल्याच्या दाराशी जायचा, तीन वेळा कडी वाजवायचा आणि म्हणायचा, "दादा, माझ्या मनात काही नाही रे." दार उघडायचं नाही. मग तो परत येऊन शेवटच्या बाकावर बसायचा, पावाच्या तुकड्याला हात न लावता. अशी अकरा वर्षं. मंडळी आधी हळहळली, मग कुजबुजली, मग तिला सवय झाली. गाणारी बाई तिसरं कडवं इतकं लांबवायची, की ते संपायला आणि गुण्या दारात यायला एकच गाठ पडावी. बायको म्हणायची, "प्रभूच्या मेजाजवळ बसायचं सोडून रस्ता मोजताय."

अकराव्या वर्षी नवे, तरुण पाळक आले. एका रविवारी त्यांनी वाचलं, की भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जावं, दोघांतच त्याला दाखवून द्यावं. मंडळीला सांगायचं ते अगदी शेवटी. हा उतारा गुण्याने लहानपणापासून शंभर वेळा ऐकला असेल. पण त्या दिवशी त्याला समोरासमोरची ती दोन बाकं दिसली. मध्ये भुशाचा ढीग. खोलीत दोघंच. अख्खी दुपार हाताशी होती.

तो उपासना अर्धी टाकून निघाला. कडी वाजवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा दार उघडलं, तेही तो आला म्हणून नव्हे. थोरल्याच्या छातीत पाणी झालं होतं आणि वहिनी डॉक्टरांची वाट बघत होती.

"आज नको, भावजी. त्यांना बोलवत नाही," वहिनी म्हणाली.

"ऐकवत असेल ना?" म्हणत तो आत शिरला.

थोरला तीन उशांना टेकून बसला होता. एवढाले खांदे, पण आता सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता.

"दादा, ती फळी मी आदल्या दिवशीच पाहिली होती," गुण्या म्हणाला. "तुला एकट्याला सांगायला हवं होतं. तेव्हा गप्प बसलो आणि चारचौघांत बोललो. चूक माझी."

थोरल्याने उशीवरची मान त्याच्याकडे वळवली. मग एकेक शब्द ओढून काढल्यासारखा म्हणाला, "अकरा वर्षं दारात येऊन मला माफ करत होतास. मी आत जेवत असायचो. घास अडकायचा."

गुण्या रागावलेल्या मास्तरांपुढे उभं राहावं तसा उभा राहिला. वहिनीने दाराकडे पाहिलं, तेव्हा वळला. उंबऱ्यापाशी मागून आवाज आला.

"माझी पेटी तूच कर. पाय आपटून बघ."

बुधवारी थोरला गेला. गुण्याने पहिल्यांदाच तळ आणि बाजू स्वतः केल्या. पेटी पुरी झाल्यावर चपला काढल्या, आत उभा राहिला. पाय उचलला, पण आपटायला काही केल्या धीर होईना. शेवटी आपटला. आवाज भरीव आला. मान डोलवायला समोर कुणी नव्हतं.

दफन झाल्यावर त्याने पाळकांना विचारलं, हा समेट झाला का? पाळक म्हणाले, झालाच की. पण उंबऱ्यापाशी मागून आलेला दादाचा तो आवाज पाळकांनी कुठे ऐकला होता? ती माफी होती, की एका कारागिराने दुसऱ्याला सांगितलेलं काम, हे गुण्याला ठरवता येईना. आणि विचारायला दार उरलं नव्हतं.

रविवारी वेळ झाली तसे त्याचे पाय सवयीने उठले आणि दारापर्यंत गेले. तिथे तो थांबला. गाणाऱ्या बाईनेही सवयीने तिसरं कडवं ताणलं. तो मागे वळला. पुढच्या बाकावर काळ्या कपड्यांत वहिनी बसली होती. तिने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. त्याच्याकडे मात्र पाहिलं नाही.

तो त्या रिकाम्या जागी जाऊन बसला. पाळकांनी पुढे केलेला पावाचा तुकडा त्याने घेतला, तोंडात ठेवला. नखाएवढा तुकडा तो, पण गिळेपर्यंत गाणं संपून गेलं होतं.