गुडघ्यामागची कांब

रामजीकाका गेल्याचा फोन आला, तेव्हा मी जव्हारला तहसील कचेरीसमोर आमच्या पाड्याच्या रस्त्याच्या मागणीची पत्रकं वाटत होते. जन्मभर आम्हाला चालण्याची शर्यत शिकवणाऱ्या या माणसाला दवाखान्यात न्यायला झोळी करावी लागली, कारण गाडी फाट्यापर्यंतच येते. महिना झाला, राग उतरलेला नाही. उतरूही नये.

पण काका आठवले की अंगात वारं भरतं! मूळचे पोशेरा गावाकडचे, आमच्या आश्रमशाळेत शिपाई. सांगायचे, विलायतेत म्हणे मालकाच्या घोडागाडीसोबत नोकर चालायचे, मालक त्यांच्यावर पैजा लावायचे, त्यातून हा खेळ उभा राहिला. “चालला नोकर, नाव मालकाचं.” हे वाक्य म्हणजेच माझं पहिलं पत्रक!

नियम दोनच. एक पाय कायम जमिनीवर, आणि टेकलेल्या पायाचा गुडघा अंग त्यावर येईस्तोवर सरळ. तरुणपणी काका सगळ्यांच्या पुढे असताना या गुडघ्यापायीच बाद झाले होते. डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणारा माणूस गुडघा वाकवूनच चालणार... आम्हा सगळ्यांची तीच खोड. म्हणून त्यांनी बांबूची कांब तासली. गुडघ्यामागे बांधायची, वाकला की टोचते.

जिल्ह्याच्या शर्यतीत माझ्या नावापुढे दोन लाल खुणा लागल्या. तिसरी लागली की बाहेर. शेवटची फेरी. कडेची पोरं ‘बदक, बदक’ करून चिडवत होती. घाईत माझे दोन्ही पाय जमिनीवरून सुटायला लागले, पंच वाकून बघू लागला... आणि काकांचा आवाज आला, “पोरी, डोक्यावर हंडा हाय. सांडू नको.”

बस्स! मान ताठ, खांदे खाली, टाच आधी. एक, दोन, तीन जणींना मागे टाकलं आणि दुसरी आले. बाद न होता! काका पाडाभर सांगत सुटले, पोरगी पुरी चालली. नंबर कितवा, हे सांगायचं त्यांना सुचायचंच नाही.

परवा काकूंनी कुडाच्या भिंतीत खोचलेली कांब काढून हातात दिली. म्हणाल्या, “त्याचा गुडघा काय सरळ झाला नाय. तुझा झाला. ने.”

तिथेच बांधली. सगळा उतार टोचत राहिली. फाट्यावर सपाट डांबर लागलं, गुडघा सरळ पडू लागला, तशी टोचायची थांबली... आणि मी जव्हारच्या कचेरीच्या दिशेने सुटले.