अहल्याक्कांचा श्वास

बसवनगुडीतून निघून लालबाग उद्यानाला अर्धा वळसा होईतो सुधींद्रअण्णा दोनदा थांबले. भार्गवीला वाटलं, गुडघे दुखत असतील. पण दोन्ही वेळा देवळाच्या भोंग्यावर त्यांनीच ध्वनिमुद्रित केलेली भजनं लागली होती. भजनं, सिनेमाची गाणी, साबणाच्या जाहिराती, अण्णांनी काय केलं नव्हतं! गाणाऱ्याचा श्वास कापून गाणं लख्ख करायचं, ही त्यांची रीत. आता गावातले सगळे स्टुडिओ तेच करतात.

"अण्णा, जिकडंतिकडं तुमचंच राज्य की!"

"कसलं राज्य गं! कात्री चालवायला शिकवलं सगळ्यांना." ते कठड्याला टेकले. "अहल्येच्या आरतीतलाही श्वास कापला. ती म्हणाली होती, 'राहू द्या की स्वल्प, माणूस आहे मी.' ऐकलं नाही. आता ती गेली. आरती लावतो, सूर अगदी चोख. पण घरात कुणी आहे असं वाटत नाही."

वीस वर्षं भार्गवीनं अण्णांच्या पत्नीच्या, अहल्याक्कांच्या शेजारी उभं राहून साथ केली होती. अक्का कुठल्या शब्दावर दम घेत, हे तिला पाठ होतं, आणि अण्णांना ते ठाऊक होतं.

"गुरुवारी स्टुडिओत येशील? तिची आरती म्हण. ती जिथं दम घ्यायची, तिथंच घे. मी काही कापणार नाही."