मारुतीपुढे ठेवलेला घोडेस्वार

मागच्या उन्हाळ्यात एका शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास, कन्नड तालुक्यातल्या एका गावात माझ्या संग्रहातल्या एका जुन्या फोटोला शेंदूर लावण्यात आला. फोटो परत मिळालेला नाही.

फोटो वीरगळाचा होता. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी गावानं उभा केलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ. गावोगावच्या पाथरवटांनी घडवलेल्या अशा दगडांचे जुने फोटो मी जमवतो. मूळ प्रतच घेतो. फोटोवरून काढलेला फोटो घेत नाही. ही प्रत शहरातल्या उस्मानपुऱ्यात मिळाली. तिथले एक वयस्कर फोटोग्राफर स्टुडिओ बंद करत होते. जाड पुठ्ठ्यावर डकवलेली, तपकिरी पडलेली, तळहातापेक्षा थोडी मोठी. घोड्यावर बसलेला मिशाळ माणूस, हातात तलवार. मागे पेन्सिलीनं गावाचं नाव.

"काच की निगेटिव्ह फूट गई," ते म्हणाले. "येइच एक बची है. संभाल के रखना."

मी ठेवीन म्हणालो.

दगड जागेवर आहे की नाही हे पाहायला मी एसटीनं कन्नडला आणि तिथून जीपनं त्या गावी गेलो. गावात घोडेस्वार नव्हता. वेशीजवळ मारुती होता. कमरेएवढा उंच, शेंदराच्या थरांनी गोल झालेला. मात्र त्याचा वरचा डावा कोपरा तुटलेला होता. फोटोतल्या दगडाचाही तोच कोपरा तुटलेला होता. दगडाखालच्या ओट्याच्या पायऱ्याही जुळल्या.

शनिवारी या मारुतीपुढे जे ठेवलं जातं त्याला गुरव शेंदराचं बोट लावतात, अशी तिथली पद्धत आहे. माझ्या आधी मोटारसायकलची किल्ली, बारावीचं हॉलतिकीट आणि वाळूजच्या कंपनीत नुकत्याच लागलेल्या एका माणसाचा गेटपास ठेवला होता. ही पद्धत मला माहीत नव्हती. दगड आणि फोटो शेजारी शेजारी पाहता यावेत म्हणून मी फोटो दगडाला टेकवून ठेवला.

गुरव सत्तरीचे होते. त्यांनी वाकून पाहिलं.

"हे कोन?"

"हाच दगड आहे, बाबा. शेंदूर चढायच्या आधीचा."

लोक पुढे सरकले. गेटपासवाल्यानं मान खाली घालून फोटो निरखला.

"आरं, आपला मारुती घोड्यावर हाय की!"

"त्याला कशाला घोडा? उडतंय ते."

"दमलं आसंल."

"आन् शेपूट कुठंय? ह्याला तर नुसत्या मिशाच हायेत."

"शेपूट हाय ना. घोड्याला."

गुरव हसले नाहीत. "माझ्या आज्याच्या आज्यापासून शेंदूर आमच्या हातचा," ते मला म्हणाले. "घोडेवाला निघाला तर शनिवारी हितं कोन यील? मी काय करू, घोड्याला चंदी घालत बसू?"

मी म्हणालो की कुणाला काही सांगायचं नाही, मला फक्त खात्री करायची होती. त्यांनी तीन बोटं वाटीत बुडवली आणि फोटोवर वरून खाली ओढली. चेहरा, मिशा आणि तलवार झाकली गेली.

मी "अहो, अहो" असं दोनदा म्हणालो.

"आता वळखू येतो," गुरव म्हणाले.

मी रुमाल काढला. मागे तेलाचा डबा घेऊन बसलेल्या गुरवांच्या पत्नीनं हात आडवा धरला.

"हात नगा लावू. देव हाय त्यो."

"मावशी, माझा फोटो आहे."

"मगापतुर व्हता."

सरपंचांना बोलावण्यात आलं. फोटो घरी न्यायला हरकत नाही, असं त्यांचं मत पडलं. पण शेंदूर लागलेला देव कपाटात ठेवता येणार नाही, रोज पूजा आणि शनिवारी तेल झालं पाहिजे. मी पूजेला तयार झालो. तेलालाही हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, घरात अंडी होतात का. मी होतात म्हणालो.

"खोटं बोलायला काय झालतं, साहेब?" गेटपासवाला हळूच म्हणाला.

फोटो गावातच राहील असं ठरलं. मी लेखी मागितलं. सरपंचांनी वहीतलं पान फाडून लिहून दिलं: 'मारुती एक नग, कागदी, मिळाला.' खाली सही आणि शिक्का. नग का लिहिलं असं विचारल्यावर ते म्हणाले, "मग काय लिहू? तुमीच सांगा." मी पान घडी करून खिशात ठेवलं.

खालचा घोडा अजून स्वच्छ होता. निदान त्यावर काच बसवा, अशी मी विनंती केली. पुढच्या आठवड्यात मीच काच आणि चौकट करून नेली. चौकट दगडाशेजारी वेशीच्या भिंतीला टांगण्यात आली. गुरवांनी तिला हार घातला आणि मला नारळ दिला.

त्यानंतर मी तीनदा जाऊन आलो. शेंदूर आता काचेवर लावतात. पहिल्या खेपेला घोड्याचं पोट दिसत होतं, दुसऱ्या खेपेला फक्त पाय. तिसऱ्या खेपेला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, खालच्या कडेला मागचे दोन खूर दिसत होते. काचेवरचा थर बोटभर झाला होता. त्यात चांदीचे दोन डोळे बसवलेले होते.