मारुतीला कुठवर आलं?

आत्या फोनवर "कसे आहात?" असं कधी विचारत नसे. पावसाळ्यात तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "मारुतीला कुठवर आलं?"

नाशिकबाहेरच्यांना हे सांगावं लागेल. आमच्या गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे, उंचापुरा, शेंदरी. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की अख्खं शहर त्याच्या अंगावर पाणी मोजतं. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं! आत्याचं घर खाली सायखेड्याला, अगदी काठावर, मागच्या दाराच्या पायऱ्या थेट नदीकडे उतरायच्या. धरणातून सुटलेलं पाणी आधी आमच्या मारुतीला भेटायचं आणि काही तासांनी तिच्या पायऱ्यांना. त्या मधल्या तासांवर माझ्या वडिलांचा, अण्णांचा, भारी जीव.

अण्णा होते साधे कारकून, पण घरात वावरायचे वेधशाळेसारखे. दूध कधी उतू जाईल, चहा कधी पिण्याजोगा निवेल, दोरीवरची चादर कधी वाळेल, सगळ्याचं भाकीत तयार. आई वैतागून म्हणायची, "भाकीत पुरे, आधी गॅस बंद करा!"

नव्वदच्या दशकातले ते पावसाळे आठवले की आजही मला त्या स्कूटरच्या ओल्या सीटचा वास येतो. मी मागे, अण्णा पुढे. मारुती बघायचा आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरायचं. सायखेड्याला फोन किराणा दुकानात, दुकानदार आत्याला हाक मारून बोलवायचा. मग अण्णा बूथची काच हादरेल असे ओरडायचे, "अक्का, कमरेला आलंय. अंधार पडायच्या आत काही येत नाही तुझ्याकडे. आधी जेवून घे, मग सामान हलव!" पाणी पायरीला लागलं की आत्या दुकानातून बूथवर उलटा फोन करायची, आणि अण्णा आपला हिशोब मनातल्या मनात दुरुस्त करायचे. मोठं पाणी पळत येतं, लहान पाणी रमतगमत, हे त्यांना असंच कळलं होतं.

"पाणी किती आहे ते कुणीही सांगेल," परतताना ते मला ऐकवायचे. "कधी पोचेल ते सांगितलं तर माणूस वाचतो. पाण्याला वेळ लागतो, फोनला लागत नाही. आपली सगळी हुशारी तेवढ्या फटीत."

एका वर्षी मात्र ही हुशारी पार वाहून गेली. मारुतीच्या नुसत्या पावलांना पाणी होतं. अण्णांनी छातीठोक सांगितलं, "आज काही येत नाही, खुशाल बस." आणि दुपारीच आत्याच्या ओट्यावर पाणी! साठवणीच्या कांदाचाळीतला अर्धा कांदा भिजला. आत्या फोनवर अशी कडाडली की लांब उभ्या असलेल्या मलाही ऐकू आलं, "आरं शहाण्या, दारणा काय तुझ्या मारुतीच्या पाया पडून येती व्हय?"

खरंच की. दारणा नदी मारुतीच्या वाटेला जातच नाही. ती परस्पर चेहेडीच्या पुलाखालून निघते आणि सायखेड्याच्या अलीकडे गंगेला मिळते. ही चूक नाशिककरच करू जाणे. त्याला वाटतं, जगातलं सगळं पाणी मारुतीचं दर्शन घेऊनच पुढे जातं. भाऊबीजेला आत्यानं ओवाळलं, पण तोंड फुगवूनच. तेव्हापासून अण्णा आधी मारुती बघायचे, मग चेहेडीचा पूल. म्हणायचे, "दोघींचं पाणी मागेपुढे आलं तर अक्काचं अंगण जाईल. एकाच वेळी आलं तर घर."

मग बघता बघता ते दिवस सरले. एसटीडी बूथ गेले, आत्याच्या घरात फोन आला. तिचे यजमान वारले, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, आत्या एकटी राहिली. इकडे अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. डोळ्यांदेखत दूध उतू गेलं तरी नुसते बघत राहायचे. मला रडू यायचं, स्पष्टच सांगते.

त्या पावसाळ्यात झड काही केल्या थांबेना. मी मारुती बघून आले, छातीला पाणी. चेहेडीला गेले, तर पुलाखाली जेमतेम फट उरलेली. धावत घरी येऊन आत्याला फोन लावला. गावात सगळे शाळेत जाऊन बसले होते, ही मात्र घरातच.

"आत्या, नीघ गं!"

"तुला काय कळतंय पोरी? माझा भाऊ सांगंल तवा निघंन. त्याला दे."

"त्यांना बोलता येत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"दे म्हणते ना!"

काय करणार, कप्पाळ! अण्णांच्या कानाशी जाऊन दोन्हीकडचं पाणी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपलेच. पण ते दोन नद्यांची वेळ जुळवत होते. डोळे उघडून त्यांनी फोनकडे हात केला. मी रिसीव्हर तोंडाशी धरला. तोंड वेडंवाकडं झालं, मानेच्या शिरा ताठल्या.

"आ... आत्ता."

झटक्यानंतरचा त्यांचा हा पहिला शब्द. जन्मभर बहिणीला अजून वेळ आहे, अजून वेळ आहे म्हणणारा माणूस पुन्हा म्हणाला, "आत्ता." पलीकडे आत्यानं फोन ठेवला.

ती नेसत्या लुगड्यानिशी शाळेत पोचली. दिवस मावळायच्या आत तिच्या दाराची चौकट पाण्याखाली गेली.

पूर ओसरल्यावर तिला नाशिकला आणलं. अण्णांचा लुळा हात मांडीवर घेऊन ती ढसाढसा रडली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "मेल्या, दर वेळी आधी जेवून घे म्हणायचास. या वेळी भाकर तव्यावरच राहिली ना माझी!"

अण्णा अर्ध्या तोंडानं हसले, आणि चांगल्या हातानं त्यांनी मला खूण केली, तिला जेवायला वाढ.