मुहूर्तावर काढलेला साचा

कुंडलिकच्या शेजारी पंगतीत कोणी बसत नसे. इंदापूर तालुक्यात, धरणाच्या पाण्याकाठच्या त्याच्या गावी तो देवाच्या जेवणाला गेला, की वाढपी त्याला आपसूक शेवटच्या पत्रावळीकडे वळवायचे. कारण तो खाजवायचा. मानेला, कोपराच्या आत, बोटांच्या बेचक्यात, सारखा. गावाने त्याचं नाव खाजऱ्या ठेवलं आणि याला काहीतरी लागट रोग आहे असं परस्पर ठरवून टाकलं. रोगबिग काही नव्हता. वीस वर्षं फायबरचं काम करणाऱ्या माणसाच्या कातडीत काचेचं बारीक कुसळ शिरून बसतं आणि ते धुऊन जात नाही, एवढंच. हे त्याने एकदा चारचौघांत समजावून सांगितलं. लोक मान डोलवत होते आणि लांब सरकत होते. त्याचे कपडे धुऊन धुऊन बायकोच्या, छबूबाईच्या हातांनाही खाज लागली. मग तिलाही बायकांनी हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. गाव मायाळू असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा गावात उभं राहून खाजवून बघावं.

कुंडलिकच्या घरात एकेकाळी मेंढरं होती. लहानपणी बाप त्याला बाजाराला न्यायचा आणि डोळे मिटून मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवायला सांगायचा. कुठे मांस भरलंय, कुठे नुसती लोकर फुगलीय, हे तळव्याला कळायला हवं. मेंढरं गेली, तळवा राहिला. पुढे धरणाच्या पाण्यात मासे धरणाऱ्यांसाठी तो फायबरच्या होड्या करायला लागला. त्या होड्या पाहूनच ऋषिराजने त्याला बारामतीला आणलं.

हा ऋषिराज म्हणजे सोमेश्वरनगरकडच्या बापूसाहेबांचा मुलगा. बापूसाहेब उसाचे मोठे बागायतदार, आणि गावात कुठलाही मांडव त्यांच्या भाषणाशिवाय उतरत नसे. मुलगा इंजिनिअर झाला आणि जळोचीच्या बाजूला एक शेड घेऊन त्याने 'भरारी मोटर्स' काढली. काम सोपं होतं. जुनी मोटार घ्यायची, तिचा पत्रा उतरवायचा आणि वर फायबरचं नवं अंग चढवायचं. ते सुटं अंग, दारं, दिव्यांच्या खोबणी असा सगळा संच लोक घरी नेऊन बसवूही शकत. नवरदेवाच्या वरातीला आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाला या गाड्यांना फार मागणी. परदेशी गाडीसारखी दिसली आणि दारं वरच्या बाजूला उघडली, की गिऱ्हाईक खूश. आत इंजिन कशाचं आहे हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

पुढे त्या परदेशी कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. आमच्या गाडीचा आकार चोरू नका, नाहीतर कोर्टात या. ऋषिराजच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नक्कल बंद, आता जगात कुठे नसेल अशी स्वतःच्या आकाराची सुपरकार करायची, असं त्याने जाहीर केलं. इंजिन मागे, बसायला दोनच माणसं, उंची कंबरेइतकी. बापूसाहेबांनी लगेच नावही देऊन टाकलं, 'बापू जीटी'. गाडी जन्मायच्या आधीच तिच्यावर आपलं नाव घालणारे आजोबा आपल्याकडे घरोघरी असतात. त्यांचा हात कोण धरणार?

ऋषिराजने संगणकावर चित्रं काढली. त्यावरून पहिला पॅटर्न केला, म्हणजे थर्माकोल आणि प्लास्टरची खऱ्या मापाची गाडी. तोंडाकडून ती ऊसतोडणीच्या यंत्रासारखी दिसत होती आणि मागून पाण्याच्या टाकीसारखी. आठ दिवस सगळे तिच्याभोवती फिरले आणि कोणाच्या तोंडून ब्र निघेना. नवव्या दिवशी कुंडलिकने विचारलं, "दादा, मागची बाजू जरा खरवडू का?"

त्या खरवडण्याला चौदा महिने लागले. तो रंधा मारायचा, खड्ड्यांत लांबी भरायचा, पॉलिश पेपरने घासायचा, आणि मग डोळे मिटून तळवा फिरवायचा. मागच्या चाकावरचा फुगीर भाग त्याने अकरा वेळा मोडला. डावी-उजवी बाजू तो हाताने जोखायचा. ऋषिराज मागून यंत्र लावून मोजायचा आणि हिशेब बरोबर निघाला की चिडल्यासारखा हसायचा. हळूहळू प्लास्टरच्या ढिगातून अशी एक गाडी उभी राहिली, की भरारीत वीज-मीटर बघायला आलेला माणूसही पाच मिनिटं पेन खिशात ठेवून उभा राहिला. आकार खरोखर दुसऱ्या कुठल्याच गाडीचा नव्हता. कोणाचा चोरलेला नव्हता. तो कुंडलिकचा होता, आणि हे ऋषिराजलाही ठाऊक होतं.

कुंडलिकला काय हवं होतं ते सरळ सांगतो. पगारवाढ त्याने मागितली नव्हती. त्याला एवढंच हवं होतं, की आपल्या भावकीच्या देखत कोणीतरी मोठ्या माणसाने म्हणावं, ही गाडी कुंडलिकने केली. बस्स. खाजऱ्याने नव्हे, कुंडलिकने. यासाठी तो माणूस काय वाटेल ते करायला तयार होता, आणि नेमकं तेच त्याने केलं.

पॅटर्न झाला की त्यावर साचा ओतायचा. साचा नंतर सुटावा म्हणून आधी मेणाचे हात द्यायचे, मग रेझिन म्हणजे वाळून कडक होणारा चिकट रस आणि काचेच्या धाग्यांची मॅट यांचे थर. हा साचा म्हणजेच खरी मालमत्ता, पुढच्या सगळ्या गाड्या त्यातून निघणार. शेवटचा थर बसला की वरून लोखंडी अँगलचा सांगाडा चिकटवायचा, आणि दहा-बारा दिवस सावलीत त्याला बोटसुद्धा लावायचं नाही. घाई केली तर साचा पिळवटतो. एकदा पिळवटला की त्याला सरळ करणारा अजून जन्माला यायचाय. शेवटचा थर रविवारी बसला. आणि सोमवारी बापूसाहेब शेडमध्ये आले.

"कुंडलिका, गुरुवारी अक्षय्य तृतीया हाय. अकरा वीसला साचा काढायचा. मांडव सांगितलाय, पाव्हणं सांगितल्यात."

"बापूसाहेब, लई कच्चा हाय तो अजून," कुंडलिक म्हणाला. "सांगाडा बी लागला न्हाय."

"अरं, कच्चा-पक्का तुमी बघा. मुहूर्त काय म्या हलवू का? आणि हे बघ, तुझा सत्कार ठेवलाय. फेटा, शाल, नारळ. तुझ्या गावाकडची माणसं आणायला दोन गाड्या धाडतोय. ही गाडी तू केलीस, हे म्या माईकवरनं सांगणार हाय."

ऋषिराज बाजूला उभा होता. साचा कच्चा आहे हे न कळण्याइतका तो अडाणी नव्हता. पण बापाला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. त्याने मान खाली घालून कुंडलिकला फक्त विचारलं, "तात्या, निघंल का? तुमी म्हणाल तसं."

काय सोय आहे बघा! इंजिनिअर हा, मालक हा, आणि होय-नाहीची जबाबदारी काचेने खाजणाऱ्या माणसावर. कुंडलिकने नाही म्हटलं असतं, तर मुहूर्त टळला असता. बापूसाहेब महिनाभर रुसले असते, आणि गाडी वाचली असती. तो साच्याजवळ गेला. त्याने तळवा टेकवला. साचा आतून अजून कोमट होता. तळव्याला जे कळायचं ते स्वच्छ कळलं. पण डोळ्यांपुढे भावकी येऊन बसली होती, पुढच्या रांगेत, खुर्च्यांवर.

"निघंल," तो म्हणाला.

गुरुवारी मांडव भरला. गावाकडून दोन गाड्या भरून माणसं आली. बुंदी आहे म्हटल्यावर खाजऱ्याच्या सत्कारालाही यायला कोणाची ना नव्हती. छबूबाई नवं लुगडं नेसून बायकांत बसली, आणि जरा वेळाने दोघीजणी आपण होऊन तिच्या शेजारी सरकल्या. अकरा वीसला कुंडलिकने पाचरी ठोकल्या. साचा सुटेना. कच्चं रेझिन मेणालाही दाद देत नव्हतं. आठ गड्यांनी ओढ घेतली आणि आतून प्लास्टर फाटल्याचा आवाज आला. बँजोवाल्यांना तोच इशारा वाटला. त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली.

चौदा महिन्यांचा पॅटर्न आत ढेकळं होऊन पडला होता. त्याचं एरवीही फारसं कौतुक नसतं, साचा निघाला की पॅटर्न मोडतोच. कुंडलिकने मनाची समजूत घातली की साचा तर हातात आहे. पण बापूसाहेबांनी तो साचा उलटा करून मांडवाबाहेर उन्हात, लोकांना दिसेल असा ठेवायला लावला. वैशाखातलं ऊन, कच्चा माल, खाली आधार नाही. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. त्यांचं भाषण एक तास चाललं.

त्या तीन तासांत कुंडलिक खुर्चीवर बसून होता. डोक्यावर फेटा, अंगावर शाल. उकाड्याने खाज अशी उसळली होती की जीव जाईल, पण आज तो खाजवणार नव्हता. बापूसाहेबांनी माईकवरून शब्द पाळला. "ही गाडी या कुंडलिकानं केलीया!" ते गरजले. टाळ्या पडल्या. भावकीने टाळ्या वाजवल्या. ज्या वाढपी चुलतभावाने त्याला शेवटच्या पत्रावळीकडे वळवलं होतं, त्याने उठून हार घातला. कुंडलिकच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला बसल्या जागेवरून साचा दिसत होता. त्याची उजवी कड हळूहळू खाली बसत होती. एकदा तो उठायला गेला, तेव्हा सूत्रसंचालकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गोड हसत खाली बसवलं. आणि तो बसला. मला या माणसाची कीव येते, पण त्या बसण्यासाठी त्याला माफ करावंसं वाटत नाही.

शुक्रवारी ऋषिराजने मापं घेतली. एका कोपऱ्यात साडेचार इंचांचा पीळ. गाडीची डावी बाजू एका जगातली आणि उजवी दुसऱ्या जगातली. बापूसाहेबांना फोन गेला. ते तिकडून एवढंच म्हणाले, "तोच म्हणला ना निघंल म्हणून?" खापर फोडायला डोकं आयतं सापडलं होतं, आणि त्यावरचा फेटा कालचाच होता. ऋषिराजने चौदा महिने ज्याला तात्या म्हटलं, त्याला शनिवारपासून 'ओ' म्हणायला सुरुवात केली.

पुन्हा पॅटर्न करू, मी विनापगार करतो, असं कुंडलिक चार वेळा म्हणाला. चौथ्या वेळी ऋषिराज म्हणाला, "तुमचा हात ठेवा आता खिशात." स्वतःच्या आकाराची हौस भरारीने सोडून दिली. वकिलाचं पत्र कपाटात गेलं आणि नवरदेवांसाठी परदेशी नकला पुन्हा सुरू झाल्या. कुंडलिकला गटारावरची झाकणं ओतायला लावलं. गावाकडे खरी बातमी पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या देवाच्या जेवणाला तो गेलाच नाही.

त्या वाकड्या साच्यातून एक अंग मात्र काढलं होतं. ते मोडीत कोणी घेईना, म्हणून इंदापूरच्या अलीकडे एका हॉटेलवाल्याने फुकट उचललं, लाल रंग फासला आणि दारात मांडलं. लोक त्याच्यापुढे तोंड वाकडं करून फोटो काढतात. लकवा मारलेली गाडी म्हणून ते हॉटेल आता प्रसिद्ध आहे. मिसळ बरी मिळते.

गेल्या माघात कुंडलिक आणि छबूबाई इंदापूरला तिच्या बहिणीकडे निघाले होते. एसटीचा टायर बसला, तो नेमका त्या हॉटेलपुढे. प्रवासी चहाला उतरले आणि गाडीभोवती जमले. अकलूजकडचा कोणीतरी धोतरवाला म्हणाला, "ज्यानं ही केली, त्याचं बी तोंड असंच आसंल." सगळे खो खो हसले. कुंडलिक लांब, पाण्याच्या पिंपाजवळ उभा होता. छबूबाई गर्दीत शिरली. गाडीच्या मागच्या फुगीर अंगावर, जिथे पीळ पोचला नव्हता, तिथे तिने हात ठेवला.

"हसू नगा," ती म्हणाली. "आमच्या मालकांनी केलीया ही. चौदा म्हयनं. हितं हात लावून बघा, मग हसा. वाकडी झाली ती त्यांच्यामुळं न्हाय. ते बघा, तितं हुबं हायती."

पंधरा-वीस माणसं वळली. दोघांनी मोबाइल वर केले. धोतरवाला मोठ्याने म्हणाला, "व्हय का वो पाव्हणं? तुमीच का?"

माईकवरून जे एकदा सांगितलं गेलं होतं, ते आता त्याच्या बायकोने सांगितलं होतं, आणि यावेळी त्यामागे कोणाचा मुहूर्त नव्हता. त्याने फक्त 'व्हय' म्हणायचं होतं.

"कुणाचं ऐकताय!" कुंडलिक हसत म्हणाला. "डोक्यानं कमी हाय ती. कुठल्या बी गाडीला अशीच म्हणती."

लोक आता तिला हसले. एका बाईने आपलं लेकरू तिच्याजवळून मागे ओढलं. छबूबाईने हात काढून घेतला आणि ती एसटीत जाऊन आपल्या जागेवर बसली. टायर बदलून होईपर्यंत आणि पुढे इंदापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. त्याने भेळ घेऊन दिली, ती तिने शेजारच्या म्हातारीला दिली.

बहिणीच्या घरी चहा झाला. ओसरीवर चार पाव्हणे बसले होते. बहिणीने सहज विचारलं, "आक्का, दाजी आता काय काम करत्यात?"

छबूबाईने नवऱ्याकडे नीट बघितलं. "मला काय म्हाईत बाई?" ती म्हणाली. "मी डोक्यानं कमी हाय."

सगळ्यांना ती थट्टा वाटली. सगळे पोट धरून हसले. कुंडलिकलाही हसावं लागलं.