समईशेजारचा फोन

आई देवाशी पुटपुटत बोलते, तेव्हा आम्ही घरचे दाराबाहेरच थांबतो. देवाजवळचं बोलणं तिसऱ्याने ऐकू नये, हे कुणी शिकवावं लागत नाही. आरती लावायला तिचा फोन मात्र समईशेजारी उभा असतो.

काल तोच फोन माझ्या हातात देत ती म्हणाली, “हे घालव गं, सारखं येतंय.” छातीतल्या गाठीवरच्या उपचारांची जाहिरात होती. मी घालवली, ती परत आली.

“आई, तुला गाठ लागतेय का हाताला?”

तिने हळूच मान हलवली. देवाखेरीज तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मी फोन बंद केला. त्याच्या काळ्या काचेत समईची ज्योत हलत राहिली, आत कुणी दिवा घेऊन बसल्यासारखी.

आई मूर्तीकडे वळली. “तू बोललास का रे कुणाजवळ?”